काळे आधी की काशीकर?

कोणत्याही सभासदयादीत वकिलांच्या नावांआधी ‘ॲड.’ लिहा आणि क्रम लावायचे काम संगणकावर सोडा. त्याला भाषेचा नियम सांगितलेला नसेल तर ही सगळी मंडळी हर्डीकर-हसबनीसांच्या मागे, यादीच्या तळाशी जाऊन बसतील. कारण ‘ॲ’ला युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात जागा मिळाली २००८ साली, तीही देवनागरी आकड्यांच्या पलीकडे. ‘ळ’ची तऱ्हा वेगळी. आपण तो ‘ह’नंतर म्हणतो, युनिकोडने तो ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी बसवला. त्यामुळे काळे काशीकरांच्या आधी येतात आणि शोधणारा खाली शोधत राहतो. युनिकोडचे यात चुकले असे नाही. तो आराखडा ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतलेला, आणि इस्की सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसवणारा. संकेतांक अक्षर ओळखण्यासाठी असतो. आपण त्यालाच वर्णक्रम मानून मोकळे होतो.

क्रमवार संच सांभाळण्याचा प्रश्न खरे तर संगणकशास्त्राने फार चांगला सोडवला आहे. नोंदी येत-जात राहणार, तरी हवी ती झटकन सापडली पाहिजे आणि तिच्या पुढची कोणती हेही सांगता आले पाहिजे. त्यासाठी नोंदी झाडासारख्या रचतात: प्रत्येक नोंदीपाशी आधीची डाव्या फांदीवर, नंतरची उजव्या. अशा साध्या द्विशाखी झाडाची गंमत अशी की आधीच क्रमाने लावलेली यादी त्यात भरली तर फांद्याच फुटत नाहीत. सरळसोट काठी वाढते आणि दहा लाखांतले शेवटचे नाव गाठायला दहा लाख पायऱ्या उतराव्या लागतात. १९६२ मध्ये अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी प्रत्येक भरतीनंतर स्वतःचा तोल सावरणारे झाड दिले; त्यांच्या आद्याक्षरांवरून ते ‘एव्हीएल’. दहा वर्षांनी बोईंगच्या प्रयोगशाळेतल्या बायर आणि मॅक्राइट यांचा बी-ट्रीवरचा लेख आला; आजच्या बहुतेक डेटाबेसच्या शोधसूच्या (इंडेक्स) त्याच कुळातल्या. मग रेड-ब्लॅक ट्री, स्किप लिस्ट अशा त्याच कामाच्या आणखी रचना आल्या. दहा लाख नावांतून हवे ते काढायला तोल सावरलेल्या झाडात वीस-तीस तुलना पुरतात.

पण दोन नावांपैकी आधीचे कोणते, हे या झाडांना ठाऊक नसते. तुलनेचा नियम बाहेरून द्यावा लागतो. पुण्यात दरवर्षी अभियांत्रिकीची हजारो मुले एव्हीएल झाडाच्या तोल सावरणाऱ्या डाव्या-उजव्या फिरक्या घोटून पाठ करतात, त्या बहुधा दहा, वीस, तीस असे आकडे घालून. आकड्यांत वाद नाही, म्हणून नियमाकडे कोणाचे लक्षच जात नाही.

पुण्यातल्याच डेक्कन कॉलेजात नेमके उलटे घडले. भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तिथे संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या निघाल्या आणि अकारविल्हे खणांत लागल्या. तिथे तोल सावरणारे झाड नव्हते, पण ‘क्ष’ कुठे जाणार याबद्दल शंका नव्हती. संस्कृत कोशात तो ‘क्’ आणि ‘ष’, म्हणून ‘क’च्या पोटात. मराठी शाळेतले मूल तोच ‘ळ’नंतर म्हणते. दोन्ही बरोबर आहे, फक्त एका खणात दोन्ही चालत नाही.

चालवले तर काय होते, हे २०१८ मध्ये दिसले. लिनक्सच्या ‘ग्लिबसी’ या पायाभूत लायब्ररीने २.२८ आवृत्तीत अक्षरक्रम बदलला. जुन्या क्रमाने बांधलेले ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसचे इंडेक्स तसेच राहिले. शोध नव्या नियमाने भलत्याच फांदीवर जायचा आणि आत असलेली नोंद ‘नाही’ म्हणून सांगायचा. झाडाचा तोल मात्र अगदी शाबूत होता!

मराठीत तर संचाचे संचपणच, म्हणजे एक नोंद एकदाच असणे, धोक्यात येते. वऱ्हाडे हे आडनाव ‘ऱ’ने टाइप करा, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घाला. पडद्यावर फरक दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी ही दोन माणसे आहेत. ‘अ’वर चंद्र चढवून केलेला ‘ॲ’ आणि सुटा ‘ॲ’ यांचेही तेच. आधी सगळ्या नोंदी एका रूपात आणल्या नाहीत तर एकच माणूस यादीत सुखाने दोनदा नांदतो.

क्रमासाठी मात्र नवे संशोधन लागत नाही. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली आहे. युनिकोडच्या भाषावार नियमांत मराठीचा स्वतंत्र नियम आहे आणि पोस्टग्रेसमध्ये तो २०१७ पासून निवडता येतो. तो नियम निवडणे हे एका ओळीचे काम आहे. निविदेत ‘प्रणाली मराठीत चालावी’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या कचेऱ्यांनी ती ओळ मागावी, आणि माल ताब्यात घेताना काळे, काशीकर, क्षीरसागर, वऱ्हाडे अशी नावे भरून बघावीत. महाविद्यालयांनीही प्रात्यक्षिकात दहा-वीस-तीसऐवजी हीच नावे द्यावीत, आणि झाड बांधण्याआधी तुलनेचा नियम विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्यावा. गुण त्यालाच जास्त ठेवावेत.