रक्तवाहिनीचं अस्तर

दोस्तांनो, 2021 च्या एप्रिलमध्ये नाशिकमध्ये कोरोनाची दुसरी लाट होती. तेव्हा तुम्ही लहान होता. पण आईबाबांना विचारा, 'डी-डायमर किती आला?' हा प्रश्न घरोघरी ऐकू यायचा. कोरोना तर फुप्फुसांचा आजार. मग ही रक्ताची तपासणी कशाला?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या पाहिल्यात ना? आत क्षार साठले की पाणी अडतं, नळी चिरली की वाटेतच गळतं. रक्तवाहिन्यांचंही तसंच. फक्त त्यांचं आतलं अस्तर जिवंत असतं. जाडी जेमतेम एका पेशीची! रक्त वाहतं ठेवायचं, उगाच गोठू द्यायचं नाही, हे त्याचं काम.

कोरोना बळावला की विषाणूशी लढणारी आपलीच फौज बेभान होते आणि या अस्तरालाही दुखवते. ते सुजतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. शरीर त्या विरघळवू पाहतं, तेव्हा त्यांचे जे बारीक तुकडे रक्तात उतरतात तेच डी-डायमर.

म्हणून दवाखान्यात पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन देत. हे औषध मात्र कोरोनासाठी शोधलेलं नाही बरं का! 1916 साली अमेरिकेत जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. यकृतात त्याला सापडला नेमका उलटा, रक्त गोठू न देणारा! यकृताच्या ग्रीक नावावरूनच पुढे 'हेपॅरिन' हे नाव पडलं. सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड कामी आलं. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण त्याने वाचतात, हे जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही.

आता पावसाळ्यातला आपला ओळखीचा पाहुणा, डेंगी. (नको असलेला पाहुणाच तो!) त्यातही झळ याच अस्तराला बसते, पण इथे नळी तुंबत नाही, गळते. रक्तातला पाण्याचा भाग बाहेर झिरपतो, प्लेटलेट्स घटतात. अशा वेळी रक्त गोठू न देणारं औषध दिलं तर? रक्तस्रावच व्हायचा! म्हणून डेंगीची शंका असली तरी अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घ्यायची नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि भरपूर पाणी, पेज, सरबत.

आणि आईबाबा, हे तुमच्यासाठी. ही गळती बहुधा ताप उतरताना सुरू होते. 'ताप गेला, आता जा शाळेत' असं आपण म्हणतो, नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत. तेव्हा पोट फार दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.