रेघ कोणी ओढायची?

ब्राझील म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ॲमेझॉनचे अरण्य, कॉफीचे मळे आणि फुटबॉल एवढेच उभे राहते. वस्तुतः सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटरच्या या देशात २६ राज्ये आणि राजधानी ब्राझीलियाचा एक संघीय जिल्हा आहे. राज्यांच्या या सीमा म्हणजे केवळ नकाशावरच्या शाईच्या रेघा नव्हेत. त्या कोणी ओढायच्या, हा माझ्या मते लोकशाहीपुढचा एक अवघड प्रश्न आहे.

१९७७ साली लष्करी सरकारने कायदा करून माटो ग्रोसो राज्याची विभागणी केली. १९७९ पासून त्याचा दक्षिण भाग स्वतंत्र राज्य झाला. १९८८ च्या राज्यघटनेने गोयासचा उत्तर भाग वेगळा काढून टोकांटिन्स हे राज्य निर्माण केले. दोन्ही वेळी जनतेचा कौल मतपेटीतून घेतला गेला नाही. मात्र याच राज्यघटनेने, यापुढे राज्याची विभागणी करायची तर प्रत्यक्ष संबंधित जनतेचे सार्वमत घेतले पाहिजे, असे बंधन घातले.

पण 'संबंधित जनता' म्हणजे कोण? वेगळे होऊ पाहणारी, की सगळी?

या प्रश्नाची कसोटी पारा राज्यात लागली. ॲमेझॉनच्या मुखाजवळचे हे राज्य महाराष्ट्राच्या चौपट मोठे. राजधानी बेलेम पूर्वेच्या टोकाला. तेथून पश्चिमेकडील सांतारेम शहर गाठायला नदीतल्या बोटीने दोन-तीन दिवस लागतात. शासन आमच्यापर्यंत पोहोचतच नाही, ही पश्चिमेची जुनी तक्रार. म्हणून पश्चिमेला तापाजोस आणि दक्षिणेला काराजास अशी दोन नवी राज्ये मागण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण राज्यानेच मतदान करावे, असा निर्णय दिला. ११ डिसेंबर २०११ रोजी सार्वमत झाले. सांतारेममध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मते विभाजनाच्या बाजूने पडली, तर बेलेममध्ये तितक्याच जोराने विरोधात! बेलेमकडे लोकसंख्या अधिक. सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी नकार दिला आणि विषय संपला.

बेलेमकरांची बाजू पोकळ नव्हती. काराजासच्या खाणींतील लोखंड हे साऱ्या राज्याचे धन. विभाजन झाले असते तर निम्म्याहून अधिक लोक मूळ राज्यात राहिले असते आणि त्यांच्या वाट्याला भूमी मात्र एक-पंचमांशाहूनही कमी आली असती. शिवाय नवे राज्य म्हणजे नवा गव्हर्नर, नवे विधिमंडळ, सिनेटवर तीन नवे सदस्य आणि त्यांचा खर्च.

तरीही मला वाटते, सगळी मते एकाच पेटीत मिसळून मोजली की दूरच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशाचा पराभव मतदानापूर्वीच ठरून जातो. उलट, फक्त वेगळे होणाऱ्यांनाच विचारले तर सामायिक संपत्ती उचलून नेण्याचा परवानाच मिळतो. मग मार्ग कोणता? प्रत्येक विभागाचा कौल वेगळा मोजावा. कौल परस्परविरोधी आला, तर बहुमताने रेघ अडवून धरावी. पण त्याच दिवसापासून इस्पितळ, न्यायालय आणि महाविद्यालय त्या दूरच्या काठावर नेऊन पोहोचविण्याचे दायित्वही त्याच बहुमतावर कायद्याने टाकावे.

मित्रहो, 'नाही' म्हणण्याचा अधिकार बहुमताला जरूर आहे. पण 'नाही' म्हणून घरी निघून जाण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?