हिरवा लंगोट, पण धुणार कोण?

तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी बाळाचा लंगोट धुतलाय? हात वर करा. आणि हो, इथे प्रॉक्सी चालणार नाही.

माझा हातही गेल्या मार्चपर्यंत खालीच होता. मग ताई बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे आमच्या सोलापूरच्या घरी. भाचा झाला. परीक्षा संपवून मी पुण्याच्या हॉस्टेलवरून घरी आलो ते भेट घेऊनच. बारा कापडी डायपर! वर हत्ती-जिराफांचे छाप, बाजूला टिचबटणं, आत काढता-घालता येणारे सुती पॅड. साठवलेला सगळा पॉकेटमनी त्यात गेला. पण आम्ही पडलो पर्यावरणवाले. लगेच फोटो काढला, स्टेटस टाकलं, ‘भाचा प्लास्टिकमुक्त!’

आज्जीनं एक डायपर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “लंगोटच की रे हा. ह्याला पैसे कशाला घातलास? माझी जुनी लुगडी होती की.”

ते मी हसण्यावारी नेलं. पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं.

सोलापूरकरांना सांगायला नको, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधीकधी पहाटे. मी डोकं चालवलं. मोठा टब घेतला, त्यात पाणी आणि जंतुनाशकाची दोन-तीन टोपणं घातली आणि जाहीर केलं, की ओले डायपर यात टाकायचे, पाणी आलं की एकदम धुवायचे. पाण्याची बचत! तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि मी अक्षरशः मागे सरलो. एप्रिलचं ऊन, बंद टब आणि तीन दिवसांची शी-शू. कल्पना करा, किंवा नकाच करू. त्या आठवड्यात बाळाच्या मांड्यांवर लाल पुरळ आलं. डॉक्टरांनी विचारलं, “कपड्यातून साबण, औषध नीट निघतंय का?” कुठलं निघतंय?

आणि पाणी आलं त्या दिवशीची गोष्ट. मी नऊ वाजता उठलो. गच्चीवर गेलो तर दोरीवर सगळे हत्ती-जिराफ ओळीनं लटकत होते. आई पहाटे चारला उठून, पिण्याचं भरून, मग हे सगळं धुऊन मोकळी झाली होती. तिची बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, “मला उठवायचं ना.” ती म्हणाली, “असू दे रे. तुला काय जमणारे ते.”

स्टेटस माझं होतं, आणि धुणं आईचं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. कापडी डायपर चांगलेच आहेत. पण कापडी आणला म्हणून पर्यावरण वाचलं, असं होत नाही. तो कसा साठवता, कसा धुता आणि कोण धुतं, यावर सगळा हिशेब अवलंबून आहे.

आकडे काय म्हणतात?

हे मी आपलं मनाचं सांगत नाहीये. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २००८ मध्ये डायपरचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला होता. एका बाळाच्या अडीच वर्षांत वापरून फेकायच्या डायपरमुळे साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. कापडीचं किती असेल? सरासरी सवयींनी धुतले तर ५७०! म्हणजे फरक जवळजवळ शून्य, उलट थोडं जास्तच.

थांबा, इथेच पान उलटू नका. खरी गंमत पुढे आहे. मशीन पूर्ण भरून लावलं, कपडे बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी खाली आला. उलट ९० अंशांचं पाणी आणि विजेवरचा ड्रायर असा थाट केला, तर तोच आकडा ७५ टक्क्यांनी वर गेला. कापड तेच, बाळ तेच, फक्त धुण्याची पद्धत वेगळी. पुढे २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने हा हिशेब नव्याने करून प्रसिद्ध केला, तेव्हा कापडीचं उत्सर्जन सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघालं. फेकायच्या डायपरचा मोठा भार ते तयार करण्यात असतो आणि कापडीचा मोठा भार धुण्यात. म्हणजे चावी आपल्या मोरीत आहे.

आता आपल्याकडे पाहा. ड्रायर कुणाकडे आहे? गच्चीची दोरी आहे, फुकटचं ऊन आहे. या बाबतीत आपण जन्मजात पुढे आहोत. आपली अडचण वेगळी, ती म्हणजे पाणी. म्हणून ब्रिटनची पद्धत जशीच्या तशी न उचलता आपल्या बादलीला झेपेल अशी पद्धत बसवायला हवी. मी चुकतमाकत जी बसवली, ती सांगतो.

साठवायचं कोरडं

पहिला धडा म्हणजे भिजत घालू नका. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, शूचा अमोनियासारखा उग्र वास धरतो, इलॅस्टिक आणि बाहेरचा जलरोधक थर लवकर खराब होतो. शिवाय पाण्याचा उघडा टब रांगत्या बाळाच्या घरात धोक्याचाच. त्याऐवजी झाकणाची कोरडी बादली घ्या, जिच्यात थोडी हवा खेळेल. आत जाळीची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी. डायपर काढल्यावर आतला पॅड वेगळा करा. शी असेल तर ती आधी संडासात झटकायची आणि उरलेली संडासातल्या जेट स्प्रेने उडवायची. हे पाणी संडासातच गेलं पाहिजे, अंगणात किंवा गटारात नाही. फक्त शू असेल तर मगभर पाण्यात एकदा हिसळून, पिळून बादलीत टाका. पिळलेला पॅड दिवसभर राहिला तरी टबातल्यासारखी घाण सुटत नाही. उन्हाळ्यात एक दिवस, फार तर दोन. त्यापुढे ठेवू नका.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी, मग रोजचं धुणं कसं? साठवलेल्या पाण्यातूनच. म्हणून मी मोजायला लागलो.

धुवायचं मोजून

आधी आम्ही येईल तसे दोन-दोन, तीन-तीन लंगोट धुवायचो. पंधरा लिटरच्या बादलीनं मोजलं तर दिवसाला सहा बादल्या, म्हणजे ९० लिटर. मग दिवसभराचे सगळे एकदम धुवायला लागलो. पहिली बादली नुसत्या पाण्याची, दुसरी डिटर्जंटची, मग दोन खळबळण्या. शेवटच्या खळबळणीचं पाणी बरंच स्वच्छ असतं, ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बादलीला वापरायचं. म्हणजे नव्या तीनच बादल्या, ४५ लिटर. निम्मं पाणी वाचलं, आणि त्यासाठी कुठलंही ‘इको’ लेबलचं उत्पादन आणावं लागलं नाही.

डिटर्जंट किती? मोजून घाला. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ हा आपला जुना गैरसमज. बोअरच्या जड पाण्यात आधीच फेस कमी येतो, म्हणून आपण पावडर ओतत राहतो. मग ती निघता निघत नाही, कापड पाणी शोषत नाही आणि बाळाला पुरळ येतं. सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच. त्याचा थर कापडावर बसतो आणि डायपर गळायला लागतो. रोज जंतुनाशक ओतायचीही गरज नाही. नीट धुणं, भरपूर खळबळणं आणि कडक ऊन हे रोजच्यासाठी पुरतं. बाळ आजारी असेल, जुलाब असतील, तर गरम पाण्यात धुवा, साधारण ६० अंश. आमच्यासारखा गच्चीवर सोलर असेल तर गॅसही जळत नाही. साधे सुती लंगोट उकळलेले चालतात, पण जलरोधक थराचे डायपर उकळू नका, तो थर सुटतो.

मशीन असेल तर आधी नुसत्या पाण्यात एक फेरी, मग धुण्याची. ड्रम साधारण पाऊण भरलेला असू द्या. दोन डायपरसाठी मशीन लावणं म्हणजे दोघांसाठी अख्खी एसटी सोडण्यासारखं आहे. जागा उरली तर बाळाची दुपटी, झबली त्यातच टाका. आणि हो, सगळं झालं की आपले हात साबणानं धुवा.

वाळवायचं उन्हात

सुती पॅड थेट उन्हात. डाग बऱ्यापैकी उडतात आणि वासही जातो. जलरोधक कव्हर मात्र सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हात ते लवकर आखडतं. पावसाळ्यात खरी परीक्षा. तेव्हा जाड पॅडपेक्षा आज्जीचं लुगडंच जिंकतं. एकेरी सुती कापड उलगडून टाकलं की पंख्याखालीही लवकर वाळतं, आणि घडी घातली की तितकंच शोषतं. आमच्या बारा छापील डायपरांच्या जोडीला शेवटी आज्जीनं फाडलेले वीस लंगोटच जास्त कामी आले. दमट राहिलेलं काहीही घडी करून ठेवू नका. पूर्ण वाळलं की सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको.

मग विकतचे डायपर पापच का?

नाही. ताईला रात्री दोन तास सलग झोप मिळावी म्हणून भाच्याला रात्री विकतचा डायपर असतो. प्रवासात असतो. यावरून कुणी बाळंतिणीला पर्यावरणाचे डोस पाजणार असेल, तर त्यानं आधी एक रात्र जागून दाखवावी. पण जे फेकतो, ते कुणाच्या हातात जातं हे विसरू नका. त्यातलं प्लास्टिक आणि पाणी शोषणारं पॉलिमर कुजत नाही, आणि कचरा वेगळा करणारी व्यक्ती ते हातानं उचलते. २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं, की असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचकांसाठी तर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम झाली. एक जुनं वर्तमानपत्र आणि एक लाल पेन. एवढं हॉस्टेलवरच्या आपल्यालाही जमतं, कारण हाच नियम सॅनिटरी नॅपकिनलाही आहे.

आणि आता मूळ मुद्दा

दिवसाला दहा लंगोट धरले तर महिन्याला तीनशे होतात. हे तीनशे कोण धुतंय, हा प्रश्न आपण पर्यावरणाच्या चर्चेत विचारतच नाही. प्लास्टिक सोडा, कापडी पिशवी न्या, घरी खत करा, कापडी डायपर वापरा. सगळं पटतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक काम घरातल्या बाईच्या यादीत वाढतं. आज्जीच्या काळात लंगोट होते, कारण ते धुणाऱ्या चार बायका घरात होत्या आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विकतचा डायपर आला तेव्हा त्या बायकांची पाठ थोडी मोकळी झाली, हेही तितकंच खरं. ती सुटका काढून घ्यायची आणि वर हिरवेपणाचं श्रेय आपण घ्यायचं, हे काही बरोबर नाही.

म्हणून आमच्या घरी नवा नियम झाला. विकएण्डला दाजी येतात, तेव्हा धुणं त्यांचं. सुटीत मी असलो की माझं. पहिल्या दिवशी दाजी बादली घेऊन मोरीत बसले तेव्हा आई दारात अवघडून उभी होती, “अहो, जावयानं लंगोट धुवायचे का?” ताई आतून ओरडली, “बाळ कुणाचंय?” विषय संपला. मलाही पहिल्या दिवशी नाक दाबावं लागलं. चौथ्या दिवशी एका हातात मोबाइलवर लेक्चर आणि दुसऱ्या हातानं खळबळणं चालू होतं. वीस मिनिटांचं काम आहे हो. एवढ्या वेळात आपण किती रील्स खाली ढकलतो?

मुलांनो, विशेषतः तुम्हाला म्हणतोय. घरात ताई, वहिनी, मावशी कुणाचं तरी बाळ येणारच आहे. भेट म्हणून कापडी डायपर जरूर न्या. न्यायच्या आधी तिला विचारा, तिला हवेत का. आणि हवे असतील, तर सोबत एक झाकणाची बादली न्या आणि कुठल्या वारी धुवायला येणार ते सांगा.

माझा वार शनिवार. सुटी संपली, तरी महिन्यातून दोनदा पुण्याहून सोलापूरला जातो. स्टेटस आता टाकत नाही. परवा आईनं स्वतःहून फोन केला, “उद्या येतोयस ना? बादली भरलीय.”