पिप्पीस कुलूप कशासाठी?

गोमंतकातील एका देवस्थानच्या वाचनालयात बालविभागाचे एक कपाट आहे. त्यातील एक इंग्रजी पुस्तक गेले दोन महिने कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही. चौकशी करता असे कळले की, समितीवरील एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी ते वाचून, निदान चाळून, बालमनावर कुसंस्कार करणारे ठरविले आणि स्वहस्ते कुलूपबंद केले. आरोपीचे म्हणणे ऐकून न घेताच शिक्षा झालेली पाहून आम्हां वकीलमंडळींस स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे वकीलपत्र, अर्थातच बिनफीचे.

आरोपी म्हणजे नऊ वर्षांची एक स्वीडिश मुलगी, पिप्पी लाँगस्ट्रुम्प. गाजराच्या रंगाच्या केसांच्या दोन ताठ वेण्या, एका पायात तपकिरी मोजा तर दुसऱ्यात काळा, जोडे पावलांच्या दुप्पट लांब. पडवीत घोडा, सोबतीस माकड, पेटीत सोन्याची नाणी. आई वारलेली, बाप दर्यावर्दी, तो वादळात नाहीसा झालेला. घरात वडीलधारे कोणी नाही. ती उशीवर पाय ठेवून झोपते, घोडा उचलते आणि धडधडीत थापा मारते. आरोपपत्रातील ही सर्व विधाने आम्हांस मान्य आहेत. वाद निष्कर्षाविषयी आहे.

या मुलीचा जन्म आजारपणात झाला. १९४१ साली स्टॉकहोम येथे आस्ट्रिड लिंडग्रेन यांची सात वर्षांची कन्या कारीन न्यूमोनियाने अंथरुणास खिळली होती. तिने आईपाशी पिप्पी लाँगस्ट्रुम्पची गोष्ट मागितली. नाव त्याच क्षणी तिच्या तोंडून निघालेले. नाव विक्षिप्त, तेव्हा मुलगीही विक्षिप्तच हवी, असे आईने ठरविले. पुढे १९४४ मध्ये बर्फावरून घसरून लिंडग्रेनबाईंचा पाय मुरगळला. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी त्या गोष्टी लघुलिपीत उतरविल्या. कारकुनी पेशाची ती विद्या येथे कामी आली. कारीनच्या दहाव्या वाढदिवसास टंकलिखित प्रत भेट देण्यात आली. दुसरी प्रत एका मोठ्या प्रकाशकाकडे गेली. आपण बालकल्याण मंडळास वर्दी देणार नाही अशी आशा आहे, असे लेखिकेने सोबतच्या पत्रात विनोदाने कळविले होते! प्रकाशकाने हस्तलिखित परत केले. १९४५ साली दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या स्पर्धेत त्यास पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ते छापले गेले. आज ते ७० हून अधिक भाषांत वाचले जाते.

आमच्या सद्गृहस्थांस स्वीडनमध्ये एक पूर्वसूरी लाभले होते, हे त्यांस ठाऊक नसावे. १९४६ साली जॉन लांडक्विस्ट या विद्वान समीक्षकाने या पुस्तकावर जळजळीत टीका केली. चहापानास बोलाविले असता अख्खा मलईचा केक एकटीने फस्त करणारी मुलगी त्यांस अस्वाभाविक वाटली. गंमत अशी की, ज्या मुलांनी तो केक वाचला त्यांपैकी एकासही तो अस्वाभाविक वाटला नाही. मुलांची पोटे आणि त्यांच्या इच्छा यांतील अंतर प्राध्यापकांपेक्षा मुलांसच अधिक कळते.

पिप्पी वाचून मुले बिघडतात, हा मुख्य आरोप. त्याचे उत्तर पुस्तकातच आहे. शेजारची टॉमी व अनिका ही दोन भावंडे दिवसभर पिप्पीच्या घरी असतात आणि रात्री आपल्या घरी जाऊन निमूटपणे झोपतात. ती मुळीच बिघडत नाहीत. पिप्पीपाशी अमर्याद बळ आहे; तिने ते कोणा दुबळ्यावर चालविल्याचा एक तरी दाखला सद्गृहस्थांनी दाखवावा. चोरी करावयास आलेल्या दोघांस ती रात्रभर नाचविते आणि निघताना एकेक सोन्याचे नाणे हातावर ठेवते. आगीत अडकलेल्या दोन बालकांस तीच सोडविते. तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस शेजारची भावंडे खिडकीतून पाहतात, तो पिप्पी मेजापाशी एकटीच मेणबत्तीच्या ज्योतीकडे पाहत बसलेली. मग ती फुंकर घालून मेणबत्ती विझविते. हे पान ज्याने वाचले, तो हिला उनाडपणाचा धडा म्हणणार नाही.

सद्गृहस्थांच्या मनात खरे भय आहे ते धाकाच्या अंताचे. १९७८ साली जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार स्वीकारताना लिंडग्रेनबाईंनी एक हकीकत सांगितली. आईने मुलास मार देण्यासाठी त्यालाच छडी आणावयास धाडले. मूल रडत परतले व म्हणाले, छडी मिळाली नाही, पण हा दगड तू मला मार. पुढल्याच वर्षी, १९७९ मध्ये, मुलांस घरातही मारणे स्वीडनने कायद्याने निषिद्ध केले. तो कायदा पिप्पीमुळे झाला असे आम्ही म्हणणार नाही. तसा पुरावा आमच्यापाशी नाही. आपल्याकडे गोवा बाल कायदा, २००३ व शिक्षणहक्क कायदा, २००९ यांनी शाळेतील छडी बंद केली. घरातल्या छडीवर मात्र आजही पुष्कळांचा जीव आहे.

आणि हे सर्व कोठे चालले आहे? देवाच्या दारी! ज्या बाळकृष्णाने शिंकी फोडली, माती खाल्ली, आईने उखळास बांधले तर ते उखळ ओढीत नेऊन दोन वृक्ष उन्मळून पाडले, त्याचा काला आम्ही वर्षानुवर्षे भक्तिभावाने खातो. माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढी द्वादशीस अंगास तेल चोपडून वयस्क गृहस्थ चिखलात लोळतात, पोरांचे खेळ खेळतात; त्याच्या दर्शनास दुरून लोक येतात. विक्षिप्त, बलवान, खोडकर मूल आमच्या देव्हाऱ्यात चालते, मग कपाटात का चालू नये? मुलगी आहे म्हणून? तसे असेल तर सद्गृहस्थांनी ते स्पष्ट म्हणावे.

पुस्तकात एक खरा दोष आहे आणि तो समितीच्या नजरेस आलाच नाही. पिप्पीचा बाप दूरच्या बेटावर कृष्णवर्णीयांचा राजा होऊन बसतो, हे १९४५ च्या युरोपास गमतीचे वाटले. १९६१ पर्यंत परकीय सत्तेखाली राहिलेल्या आम्हांस ती गंमत पचत नाही. स्वीडिश प्रकाशकांनी २०१५ च्या आवृत्तीत तो अपमानकारक शब्द बदलून 'दक्षिण समुद्राचा राजा' असे केले. पण यावर उपाय कुलूप नव्हे. मुलांपाशी बसून ते प्रकरण वाचावे आणि त्यांस समजावून सांगावे.

महाजनांची सभा येत्या महिन्यात आहे. पुस्तक कपाटात परत ठेवावे असा ठराव आम्ही लेखी दिला आहे. सद्गृहस्थांनी येताना किल्ली घेऊन यावी.