क्वेरी नेमकी कुठे अडते?
कोटभर ओळींच्या टेबलातून उत्तर यायला वेळ लागला, की सर्व्हरची मेमरी वाढवण्याची घाई होते. डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर त्याआधी 'एक्सप्लेन ॲनालाइझ' चालवावं. पोस्टग्रेस मग क्वेरी खरोखर चालवून दाखवतो: वाट कोणती धरली, किती ओळींचा अंदाज होता, आल्या किती. अंदाज १० ओळींचा आणि आल्या १० लाख, तर दोष बहुधा टेबलाच्या शिळ्या आकडेवारीचा. नुसतं 'ॲनालाइझ' चालवून ती ताजी केली, की पुष्कळदा भागतं. 'सीक्वेन्शियल स्कॅन' दिसला, म्हणजे अख्खं टेबल चाळलं गेलं. इंडेक्स असूनही हे घडतं, आणि खरा वेळ तिथेच वाया जातो. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स आहे, पण अटीत त्या कॉलमवर तारीख काढणारं फंक्शन लावलं, तर तो साधा इंडेक्स तिथे कामी येत नाही. तीच अट 'आज मध्यरात्रीपासून उद्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत' अशी लिहिली, की तोच बी-ट्री इंडेक्स वापरता येतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९७०च्या सुमारास बोइंगमध्ये असताना मांडलेली ही रचना कोटभर नोंदींतली एक नोंद मोजक्या चार-पाच पानांत गाठते. म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकणं मात्र चूकच. नवी ओळ भरताना त्या प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद करावी लागते आणि लिहिण्याचा वेग घसरतो.