अर्धी बादली पाणी आणि थकलेली पावले

सदर : घरचे आरोग्य



व्यापाऱ्याचा दिवस पायांवर उभा असतो. सकाळी दुकानाची फळी उघडल्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंत काउंटर, गोदाम आणि अडत यांच्यामध्ये त्याची पावले फिरत राहतात. घरातील स्त्रीचीही ओट्यापाशी तीच गत. टाचा ठणकतात, पोटऱ्या भरून येतात. पण त्यांकडे लक्ष द्यायला सवड कोणाला असते?

अलीकडे शहरांतून ‘बाथ सॉल्ट’ नावाच्या सुंदर बरण्या घरोघरी येऊ लागल्या आहेत. सुगंधी मीठ मिसळलेल्या कोमट पाण्याच्या टबात निवांत पडून राहावे, ही मूळ कल्पना परदेशातील. परंतु असा टब भरण्यास साधारण दीडशे लिटर पाणी लागते. आपले अक्कलकोट पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. बोरी नदीवरील कुरनूर धरणात यंदा पाणी किती आले, यावर आपला उन्हाळा ठरतो. शिवाय पाण्याच्या थेंबाथेंबात अप्कायिक जीव मानणाऱ्या आपल्या घरांना असा अपव्यय रुचणारही नाही. म्हणून ही कल्पना आपण अर्ध्या बादलीत आणू या. सर्वाधिक श्रम पायांचे, तेव्हा स्नानही पायांचेच.

साहित्य : जाडे मीठ किंवा सैंधव दोन वाट्या, एप्सम मीठ एक वाटी, खाण्याचा सोडा पाव वाटी, खोबरेल एक चमचा आणि लव्हेंडर तेलाचे आठ-दहा थेंब.

सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही व थेट त्वचेला लागल्यास जळजळ होऊ शकते. म्हणून ते प्रथम खोबरेलात मिसळावे. मग सर्व जिन्नस कोरड्या हातांनी एकत्र करून काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवावेत. वाळलेल्या गुलाबपाकळ्या हव्या असल्यास त्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडाव्यात, म्हणजे मोरी तुंबत नाही. घरी केलेल्या मिठात कोणता रंग, कोणता सुगंध, एखादा प्राणिज घटक तर नाही ना, ही शंकाच उरत नाही.

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधील एप्सम गावाच्या कडवट झऱ्यांवरून सतराव्या शतकात त्यास हे नाव मिळाले. आपल्याकडे द्राक्ष व उसाच्या बागाईतदारांना ते खत म्हणून परिचित आहे. मात्र खताच्या पोत्यातील मीठ अंगासाठी वापरू नये, औषधाच्या दुकानातूनच घ्यावे. ते साखरेसारखे दिसते आणि पोटात गेल्यास जुलाब होतात; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास तर त्याहून मोठा धोका. म्हणून बरणीवर ठळक चिठ्ठी लावावी व ती स्वयंपाकघरात ठेवू नये.

कृती : पाच-सहा लिटर गाळलेले पाणी कोमट करावे. हाताच्या कोपराला सुखद वाटेल, तेवढेच ऊन पाणी पुरे. त्यात तीन मोठे चमचे मिश्रण विरघळवून घोट्यापर्यंत पाय पंधरा-वीस मिनिटे बुडवून बसावे. नंतर साध्या पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. तेलामुळे तळवे निसरडे होतात, म्हणून उठताना आधार घ्यावा. उरलेले पाणी तुळशीला किंवा कुंडीला घालू नये, मिठाने माती बिघडते. ते संडासात ओतावे.

हे मीठ त्वचेतून शरीरात जाऊन दुखणे बरे करते, असा प्रचार आढळतो. त्यास भक्कम आधार नाही. खरा आराम मिळतो तो पाण्याच्या उबेने आणि स्वस्थ बसण्याने. मीठ व सुगंध हे निमित्त.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या पेढ्यांवर बसणाऱ्या अनेक वडीलधाऱ्यांना मधुमेह आहे. दीर्घकालीन मधुमेहात तळव्यांची संवेदना मंदावते. पाणी पोळते आहे हे कळतच नाही आणि लहानसा फोड पुढे चिघळणाऱ्या जखमेत बदलतो. अशांनी पाय भिजत ठेवू नयेत. त्यांचे पाय कोमट पाण्याने धुऊन, टिपून, टाचेला भेग वा जखम नाही ना, हे घरातील कोणीतरी रोज पाहावे. उघडी जखम, पायांवर सूज किंवा हृदयविकार असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांत रात्रीचा थोडा वेळ मोकळा असतो. त्यातील वीस मिनिटे पायांना द्यावीत आणि तेवढा वेळ मोबाइल व वही दूर ठेवावी. सासऱ्यांचे पाय सुनेने पाहिले, आईचे लेकाने पाहिले, तर ती सेवाही घडते आणि एखादी जखम वेळीच दिसते.