गाडीत पाणी येते कुठून?

शिर्डीत उतरलेल्या भाविकांना कोपरगाव, मनमाड, शनिशिंगणापूर अशी ने-आण करून अनेक घरे चालतात. गाडी बहुधा जुनीच घेतलेली असते. ओम्नी आणि सुमो या दोन्ही गाड्या २०१९ सालीच बनायच्या बंद झाल्या.

हा भाग पर्जन्यछायेचा. वर्षातले बरेच महिने ऊन दाराच्या रबराला चिरा पाडते आणि मालकाला ते कळते सप्टेंबरच्या सरींत. पायाखालची मॅट ओली झाली की बहुतेक जण दिसेल त्या फटीत सीलंट भरून घेतात. पैसे जातात, पाणी येतच राहते. कारण पाणी जिथे साचते, तिथूनच आत शिरलेले असते असे नाही. पत्र्याच्या आतून वाहत ते सखल जागी येते.

आधी पाणी कोणते ते ओळखा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर स्वच्छ पाणी पडत असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. चिकट, गोडसर वासाचे असेल तर ते कुलंट. गाडी लगेच मेकॅनिकला दाखवा. दोन्ही नसेल तर पावसाचेच.

ते शोधायला दोन माणसे आणि दोन बादल्या पाणी पुरे. मॅट काढून तळ कोरडा पुसा, त्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरा. एकाने आत बॅटरी घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून मगाने सावकाश पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी : आधी दाराचा खालचा भाग, मग खिडकी, मग पुढची काच, शेवटी टप. वरून ओतले तर सगळेच भिजते, काही कळत नाही. कागद जिथे आधी भिजेल, तिथून वर माग काढा.

दाराचे रबर तपासायला कागदाची पट्टी मध्ये ठेवून दार लावा. पट्टी अलगद निघून आली, तर तिथे रबर बसलेले नाही.

दाराच्या आत थोडे पाणी जाणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडते. भोके मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. दाराचे आतले कव्हर कधी उघडले असेल, तर त्यामागचा प्लास्टिकचा कागद परत चिकटवला आहे का, ते पाहा. पुढच्या काचेखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढा. या कामांना पैसा लागत नाही. फाटलेले रबर मात्र बदलूनच घ्यावे. सीलंट लावायचेच तर गाडीच्या पत्र्यासाठीचे, आणि जागा पूर्ण कोरडी करून.

शेवटी मॅटखालचा जाड थर उन्हात खडखडीत वाळवा. तळ गंजला असेल तर घासून रेड ऑक्साईड व रंग द्या. भोक पडले असेल तर पत्रा वेल्डिंग करून घ्या.

आठ वर्षांपुढच्या प्रवासी गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. कर्ज फिटायच्या आत तळ सडला, तर हप्ते राहतात आणि धंदा जातो. म्हणून पावसाळ्याआधी एक रविवार गाडीला द्या.